मुक्काम आपल्या माणसाकडं

सकाळचा चहा घेऊन मी गच्चीवर गेले. बंगळुरातल्या येलहंक्याच्या आमच्या घराचा जिना अरुंद हाय. एका हातानं कठडा धरायचा आन् दुसऱ्या हातात पेला, हे रोजचं. तंबूची चेन निम्मी उघडीच असायची. मी बाहेरनं म्हणायची, "भावजी, चहा." आतनं आधी खोकला यायचा, मग "आलो वहिनी." त्या दिवशी खोकला आला न्हाई. मी पुन्हा हाक मारली न्हाई. पेला खाली ठेवला, चेन वर सरकवली आन् बघितलं. कुशीवर झोपलेले, तोंड दाराकडं, एक हात पांघरुणाच्या बाहेर. हाताला हात लावला तर गार. विमानदळाच्या तळावरनं एक विमान उठलं, घराच्या डोक्यावरनं गेलं, त्याचा आवाज लांब जाईस्तोवर मी तितंच बसून राहिले. चहावर साय धरली... मग जिन्यापाशी जाऊन खाली आवाज दिला, "सुनील, वर ये. पोरीला आणू नगं."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, मारुती. सुनील त्यांचा मुलगा, हितं कंपनीत कामाला. मला मूलबाळ न्हाई. सुनीलची लेक माझ्याजवळ बसून हे कागदावर उतरवतीय, कारण माझं शिक्षण चौथीपतोर, तेही मराठी शाळेतलं, आन् आता अक्षर हलतं. भावजींना जाऊन सव्वा महिना झाला. भेटायला आलेल्यांपैकी कितीतरी लोक म्हणले, म्हातारा हौशी होता, एकटा फटफटीवरनं हिमालयात गेला, तंबूत राहिला, काय मजा केली. मी ऐकून घेतलं. पण मजा वगैरे काय न्हाई. जे झालं ते मला ठाऊक हाय, आन् ते सांगून ठेवावं असं वाटलं.

आम्ही सांगलीकडचे, खानापूर तालुक्यातले. आमच्या गावात पाऊस कमी आन् घराघरातला एक तरी माणूस गलाईला बाहेर. गलाई म्हणजे सराफाकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. हिंदुस्थानातल्या कुठल्याबी सराफ कट्ट्यात जा आन् गलाईवाला कुठं विचारा, आमच्याकडचा माणूस निघतोच. माझे मालक बंगळुरात चिकपेठेच्या मागं एका बोळात दुकान धरून होते. पुढं भट्टी, मागं एक खोली, वर माळा. लग्न होऊन मी थेट त्या खोलीत आले. सोनं तेजाबात टाकलं की तांबूस-पिवळा धूर निघतो, तो घशात बसतो, डोळ्यात बसतो, भाकरीला बी त्याचा वास येतो. आन् खिडकी उघडायची न्हाई. लोकांचं सोनं घरात, दार कायम कडी लावून, खिडक्यांना आतनं पत्रा. कानडी शेजारीण दारावर टकटक करून विचारायची, "अक्का, ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का. मी दार न उघडताच आतनं सांगायची, "आयतु." कितीतरी वर्सं तिचं तोंड मी नीट बघितलं नव्हतं.

भावजींना आईबाप न्हाईत म्हणून मालकांनी त्यांना गावाकडनं आणलं ते लहान असताना. पोरगं नाक गळकं, चड्डीला नाडी. पण दीर तो दीर. आमच्यात धाकट्या दिराला नावानं हाक मारत न्हाईत. मी त्यांचं नाक पुसायची, डोक्याला तेल लावायची आन् म्हणायची, "भावजी, तुम्ही जेवलात का?" ते मला म्हणायचे, "वहिनी, तू वाढ की." असं आमचं शेवटपतोर राहिलं. मी त्यांना तुम्ही म्हणायची, ते मला तू. झोपायला त्यांना माळ्यावर जागा. सगळा धूर वर जाऊन माळ्यावरच साठायचा. सकाळी उतरायचे तवा डोळे लाल. पुढं ते भट्टीवर बसले, सोनं वितळवायची मूस धरायला शिकले, लग्न झालं, जाऊ घरात आली, सुनील झाला. माझे मालक छातीनं गेले, त्याच मागच्या खोलीत. डॉक्टर म्हणला धुरानं झालं. भावजींनी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली, कारण पेटवल्याबिगर चालणार नव्हतं. सुनीलला मात्र त्यांनी दुकानाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं न्हाई. "तू पुस्तक धर, मूस धरू नगंस," असं म्हणायचे.

सुनीलनं येलहंक्याला घर घेतलं तवा भावजींनी दुकान सोडलं. जाऊ त्याआधीच गेली होती. नव्या घरात त्यांना झोप लागंना. खोलीत एसी, खिडकीला काचा, सगळं कसं गुळगुळीत. भावजी पहाटे गच्चीवर जाऊन बसायचे. मग एक दिवस त्यांना नव्या घराच्या माळ्यावर सुनीलचा तंबू सापडला. हापिसातली पोरं शनिवारी कुठल्या कुठल्या डोंगरावर जातात, त्यांच्यासंगट एकदा गेला होता, तवाचा. भावजींनी तो गच्चीवर उभा केला आन् त्यात झोपले. सकाळी खाली आले तर तोंडावर येगळंच पाणी. म्हणले, "वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा रात्रभर एकदा बी उठलो न्हाई." सुनील हसला, म्हणला, "अप्पा, पण दार वाऱ्याकडं करू नका. वारं आत भरलं की तंबू उडतो. पाठ वाऱ्याकडं करायची." भावजी म्हणले, "सरी सरी." पण दार वाऱ्याकडंच ठेवायचे. कितीदा सांगितलं तरी तेच. बंद बाजूला तोंड करून त्यांना श्वासच घेता येत नव्हता.

मग त्यांनी ते काढलं. दुकानाच्या कामाला घेतलेली जुनी फटफटी होती, तिच्यावरनं जायचं, एकट्यानं, पार वर हिमालयात, आन् वाटेत तंबूत झोपायचं. सुनीलचं तोंड बघण्यासारखं झालं. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, फुप्फुसं निम्मीच उरलीत, उंचावर हवा पातळ असते, जाऊ नका. सुनील म्हणला, "अप्पा, तुम्हाला बर्फ बघायचंय ना? विमानानं नेतो. हॉटेलात राहू." भावजी म्हणले, "हॉटेलात भिंती असतात." दोघांत दोन दिवस बोलणं न्हाई. तिसऱ्या दिवशी भावजी माझ्यापाशी येऊन बसले. मी वाटाणे सोलत होते. ते बी सोलायला लागले. म्हणले, "वहिनी, जन्मभर विस्तवापुढं बसलो. थंड काय असतं ते अंगानं बघायचंय. आन् एकदा तरी कडी न लावता झोपायचंय. तू हो म्हणलीस तर सुनीलचं काय चालत न्हाई."

वाटाणे संपले तवा मी म्हणले, "जावा. पण दोन गोष्टी. रोज सांजच्याला फोन करायचा. आन् मुक्काम आपल्या माणसाकडं. तंबू कुठं दुपारच्याला झाडाखाली लावा हवा तर, रात आपल्या माणसाकडं." वाट सगळी आमचीच होती की. हैदराबादेत आमच्या गावचा माणूस, नागपुरात भावकीतला, झाशीत माझ्या मावसबहिणीचा जावई, अंबाल्यात एक, पठाणकोटात आमच्याकडचाच गलाईवाला आनंदा. ते मान हलवून म्हणले, "बरं." ही अट मीच घातली होती, हे हितं सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातनं झालं.

गणपती उठले आन् ते निघाले. मागं तंबूची गुंडाळी, एक वळकटी, रॉकेलची न्हाई, ती गॅसची बारकी शेगडी, आन् मी दिलेली चटणी-भाकरी. सांजच्याला फोन यायचा. "वहिनी, हैदराबादेत पोचलो. जेवलो. मुक्कामाला हाय." मी विचारायची, "काय वाढलं?" ते म्हणायचे, "पिठलं." पुढच्या गावात बी पिठलं. झाशीत बी पिठलं. मी म्हणले, "सगळ्या देशात पिठलंच करतेत व्हय आपल्या बाया?" ते हसायला लागले, हसता हसता खोकला आला, आन् मागनं वाऱ्याचा आवाज आला, सूं सूं करत. मला वाटलं, गच्चीवर झोपायची सोय केली असंल. लोकांना मी कौतुकानं सांगायची, आमच्या माणसांनी कसं हातोहात झेललंय बघा. शेजारची गौरम्मा म्हणली, "अक्का, नीवु पुण्यवंतरु." मी हो म्हणले.

पठाणकोटातनं फोन आला तो शेवटचा. म्हणले, "आनंदाकडं हाय. उद्या डोंगर चढतो. चंब्याला आपला एक माणूस हाय म्हणं, त्याच्याकडं उतरीन." दुसऱ्या सांजेला फोन न्हाई. सुनील म्हणला डोंगरात रेंज नसते. तिसऱ्या सांजेला बी न्हाई. सुनीलनं तिकडच्या पोलिसांना फोन लावला, हिंदीत बोलला, इंग्रजीत बोलला, पण त्याचा घाम थांबंना. मी म्हणले, "तू पोलिसाचं बघ. मला आनंदाला फोन लावून दे."

आनंदा म्हणला, "काकू, इथं आले होते, पण थांबले न्हाईत. दारातच चहा घेतला. मी म्हणलं, आत या, जेवा, राहा. तर म्हणले, अंबाल्याला लई आग्रह झाला, पोट भरलंय, आन् मुक्कामाला चंब्याच्या माणसाकडं जायचं कबूल केलंय."

मी म्हणले, "बाबा, चंब्याला आपला माणूस कोण?"

आनंदा म्हणला, "मी तेच आठवतोय काकू. चंब्याला आपलं कुणीच न्हाई. मला वाटलं तुम्हालाच ठाऊक असंल."

मग मी मागं मागं फोन करत गेले. अंबाल्याचा म्हणला, आमच्याकडं थांबले न्हाईत, म्हणले पठाणकोटात आनंदा वाट बघतोय. झाशीचा जावई म्हणला, "आमच्याकडं? न्हाई हो मावशी. ही दिवसभर पुरणाचा घाट घालून बसली होती. त्यांचा फोन आला, नागपूरकर सोडत न्हाईत म्हणून." नागपूरचा म्हणला, हैदराबादकरांनी ठेवून घेतलं असं कळलं. हैदराबादचा म्हणला, दुकानाला नुसते पाय लावले, पाणी प्यायले आन् गेले. कुणाच्याच घरात त्यांनी अंग टाकलं नव्हतं. हर एका गावात दुसऱ्या गावाचं नाव सांगितलं होतं. आमच्यात गावाकडचा माणूस आला आन् लॉजात न्हाईतर उघड्यावर झोपला, तर घरच्या बाईला वाटतं आपल्या हातनं काय चुकलं. ते वर्सभर बोलणं सोडतात. म्हणून कुणालाच न्हाई म्हणता येईना, तर त्यांनी सगळ्यांनाच सांगितलं की मी दुसऱ्याकडं हाय. ते तिकडचं खरं मानून निवांत राहिले आन् मी हिकडं निवांत राहिले. एवढ्या आपल्या माणसांच्या मधनं माणूस गेला, आन् तो कुठं झोपलाय हे एकाला ठाऊक न्हाई.

सुनील भिंतीला टेकून खाली बसला. म्हणला, "मोठी आई, इतके दिवस ते रस्त्याच्या कडंला झोपत होते." मी म्हणले, "रड नंतर. फोन लाव परत आनंदाला."

आनंदाला मी म्हणले, "बाबा, लॉजात विचारू नगंस, धर्मशाळेत विचारू नगंस. ते भिंतीच्या आत नसणार. चंब्याच्या पुढच्या वाटेवर बघ. जितं वारं लई असंल, उघडं रान असंल, पाणी जवळ असंल तितं. आन् तंबूचं तोंड वाऱ्याकडं असंल." आनंदा म्हणला, "जातो काकू." भट्टीवर लोकांचं सोनं असताना गलाईवाला दुकान बंद करून गाव सोडत न्हाई. तो सोनं ज्याचं त्याला परत देऊन, कुलूप लावून, भाड्याची जीप करून गेला. अंबाल्याचा बी निघाला. झाशीच्या जावयानं मला फोन करून करून डोकं उठवलं. तो म्हणायचा, "मावशी, मी येऊ का तिकडं?" मी म्हणायची, "तू तितं बसून काय करतोस ते कर. आन् तुझ्या बायकोला सांग, पुरणाचा राग धरू नगं."

त्या दिवसांत मी काय केलं ते सांगते. नेहमीसारखं केलं. तांदूळ निवडले, दळण आणलं. सून म्हणली, मोठ्या आई, तुम्ही जरा बसा. बसले असते तर उठता आलं नसतं. मला एकच दिसत होतं, त्या माळ्यावरचं पोरगं, डोळे लाल. माझ्या मालकांचा जीव त्या खोलीत गेला तवा शेवटी छातीतनं जो आवाज येत होता, तो कानात होता. तसा आवाज करत हा माणूस कुठं तरी डोंगरात पडला असंल, आन् ऐकायला कोण न्हाई... हे सारखं डोक्यात. आनंदाचा फोन यायचा, एक वळण झालं, पुढं बघतो. मग रेंज जायची. मग काय न्हाई.

दुसऱ्या दिवशी दुपारच्याला फोन वाजला. आनंदाच होता. म्हणला, "काकू, सापडले." मी म्हणले, "कसे हायत ते आधी सांग." तो म्हणला, "हायत." एवढंच म्हणला. मग त्याला रडू फुटलं, ते मी फोनवर ऐकत राहिले.

झालं असं होतं. घाटाखाली एका उतारावर त्यांनी तंबू लावला, तोंड वाऱ्याकडं करून. पहाटेच्याला वारं आत शिरलं, तंबू फुगला आन् फाटला. अंगावरचं सगळं उडालं. ताप भरला, श्वास पुरंना. तिकडं आपल्याकडच्या धनगरांसारखे मेंढपाळ असतात, गद्दी म्हणतात त्यांना. थंडी सुरू झाली की मेंढरं घेऊन खाली उतरतात. त्यातल्या एकाच्या कुत्र्यानं फाटका तंबू हुंगला. त्या माणसानं भावजींना आपल्या पालात ओढून घेतलं, दोन बाजूंना दोन मेंढरं निजवली उबेला, आन् बकरीचं दूध तापवून पाजत राहिला. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती. आनंदानं रस्त्यावर भेटंल त्या मेंढपाळाला विचारत विचारत ते पाल गाठलं.

चंब्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावली. सुनील विमानानं तिकडं गेला. दोन दिवसांनी भावजी बोलायला लागले, आन् पहिलं बोलले ते हेच, की मला वर जायचंय. घाट तिथनं दिसत होता. सुनीलनं डॉक्टरला विचारलं, डॉक्टरनं हात जोडले. भावजी ऐकंनात. अखेर सुनीलनं मला फोन लावला आन् फोन त्यांच्या कानाला दिला.

"वहिनी, खोटं बोललो तुझ्याशी."

"ते नंतर बघू."

"बर्फ दिसतंय हितनं. पांढरं. गाडीनं अर्ध्या दिवसाचं काम हाय. आनंदा नेतो म्हणतोय. तू हो म्हण."

मागं नळीचा सूस् सूस् आवाज येत होता. बोलताना मधे मधे थांबत होते. मला कळत होतं, हा माणूस जन्मात एवढं एकच मागतोय. हे बी कळत होतं की वर गेला तर खाली येईल असं न्हाई. सुनील सांगंल ते ते मोडतील, डॉक्टरचं मोडतील, माझं मोडणार न्हाईत. म्हणून तर मला विचारत होते. मी हो म्हणले असते तर ते हसत गेले असते.

मी म्हणले, "न्हाई भावजी. उतरा खाली."

मग म्हणले, "बरं वहिनी."

आज मला कुणी विचारलं, जाऊ द्यायला पायजे होतं का, तर मी परत हेच सांगेन. ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटू दे. मालकांना मी मातीला लावलंय, जाऊबाईला लावलंय. यांना डोंगरात कुणा परक्याच्या हातनं लावून घ्यायची माझी तयारी नव्हती. त्यांचं बर्फ राहिलं. राहिलं ते राहिलं.

फटफटी आगगाडीत घातली आन् हे दोघं बी आगगाडीनंच आले. विमानाला भावजी न्हाई म्हणले, त्यात खिडकी उघडत न्हाई. मी यशवंतपूरच्या टेशनावर गेले होते आणायला. डब्यातनं उतरले तर अंगावर निम्मं मांस न्हाई, डोक्याला त्या मेंढपाळानं दिलेली लोकरीची टोपी. हितल्या उकाड्यात ती टोपी बघून हमाल हसत होता. मी म्हणले, "काय भावजी, काल मुक्काम कुणाकडं होता?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले, "सुनीलकडं. पण पिठलं न्हाई वाढलं त्यानं."

तेवढंच. परत त्या गोष्टीचं नाव आमच्यात न्हाई निघालं. रिक्षात बसल्यावर त्यांनी दोन्हीकडचे पडदे वर करायला सांगितले आन् येलहंक्यापतोर तोंड बाहेर काढून बसले.

नंतरचं वर्स त्यांनी गच्चीवरच काढलं. सुनीलनं नवा तंबू आणला, आन् आपणच उभा केला, दार वाऱ्याकडं करून. पाठ वाऱ्याकडं करा असं परत म्हणला न्हाई. बापलेक संध्याकाळी तितं बसायचे, मी वर ताटं पोचवायची. पाऊस आला की मी खालनं ओरडायची, "भावजी, खाली या." ते वरनं म्हणायचे, "येतो की," आन् यायचे न्हाईत. खोकला वाढत गेला. डॉक्टर म्हणला दवाखान्यात ठेवा, तर ते माझ्याकडं बघायला लागले. ह्या वेळेला मी डॉक्टरला न्हाई म्हणले. सुनीलला म्हणले, "डोंगर मी नाकारला. गच्ची नाकारणार न्हाई." म्हणून ते तितंच राहिले, चेन उघडी ठेवून, शेवटच्या पहाटेपतोर.

गेल्याची बातमी आनंदानंच सगळीकडं कळवली असंल. दिवस झाल्यावर फोन यायला लागले, आन् अजून येतात. मी तंबू काढू दिलेला न्हाई. दुपारच्याला तितं वारं असतं म्हणून मी त्याच्या तोंडाशी चटई टाकून बसते, फोन संगट नेते. परवा हैदराबादचा बोलला. म्हणला, "काकू, लई मोठ्या मनाचा माणूस. आमच्याकडं मुक्कामाला होते ना, पोरांना मांडीवर घेऊन बसले होते." नागपूरचा म्हणला, "आमच्या हातची भाकरी खाल्ली त्यांनी. ही अजून म्हणते, कसं आवडीनं जेवले." अंबाल्याचा म्हणला, जाताना मला उठवलं बी न्हाई, पांघरुणाची घडी घालून गेले. मी सगळ्यांना "व्हय बाबा" म्हणले. "सांगत होते मला," असं बी म्हणले.

काल सुनील वर आला होता, तवा झाशीच्या जावयाचा फोन चालू होता. आवाज मोठा, सुनीलला सगळं ऐकू गेलं. जावई सांगत होता की भावजींनी पुरणपोळी मागून घेतली, दुधात कुस्करून खाल्ली, मग अंगणात बाज टाकून दिली तर आडवे झाले, रात्रभर एकदा बी खोकले न्हाईत. मी हं हं करत होते. फोन ठेवल्यावर सुनील म्हणला, "मोठी आई, हा तर तवा म्हणला होता, घरी आलेच न्हाईत म्हणून. सगळेच तसं म्हणले होते. तू खोटं का ऐकून घेतेस?"

मी म्हणले, "त्यांना एक रात ठेवून घ्यायचं होतं रे. घेऊ दे की आता."

सुनील तंबूच्या तोंडाशी माझ्या बाजूला बसला. फोन परत वाजला, नंबर ओळखीचा नव्हता. मी उचलला आन् म्हणले, "बोल बाबा."